भिंगरीच्या गाडीचे टायर

गुरांच्या डॉक्टरांनी दुकानातल्या सगळ्यात दांडग्या टायरवर हात ठेवला आणि म्हणाले, "हेच चार घाला."

टायर होताही तसाच. पंज्याएवढे ठोकळे, मधल्या खाचा बोट बुडेल एवढ्या. नुसता टेकून ठेवला तरी भिंत घाबरून मागे सरकेल. एरवी दुकानदारानं त्याच्यावर तासभर गुऱ्हाळ लावलं असतं. सगळा बाजार त्याला थापाड्या म्हणायचा आणि तो ती पदवी छाती काढून मिरवायचा. त्याचे टायर घातलेल्या एका जीपनं म्हणे पुरात नदी ओलांडली, तर पलीकडे खाचांतून एवढे मासे निघाले, की ड्रायव्हरनं नोकरी सोडून मासळीचं दुकान टाकलं.

आज थापाड्यानं नुसती मान हलवली. "हे नकोत."

"का? दणकट दिसतात की."

"दिसायला पैलवान. चिखलात राजे. ओल्या डांबरावर मात्र साबणाची वडी. तुमच्याकडे रस्ता कसा आहे?"

"डांबरीच. पण बारा महिन्यांतले आठ ओला. घराकडे वळलं की कच्चा, चढाचा."

"आणि शाळा?"

डॉक्टरांनी बाहेर जीपकडे पाहिलं. "डांबरी रस्त्यावर. उताराला."

बाहेर जीपच्या मागच्या सीटवर कपड्यांची बॅग आणि दप्तर होतं. शेजारी जुन्या टायरांच्या ढिगावर पाय हलवत बसली होती भिंगरी, थापाड्याची मुलगी. तिची आई आता डॉक्टरांची बायको होती. आज भिंगरीही तिकडे राहायला निघाली होती.

"टायर तुमच्याकडूनच घ्यायचे, असं तिनं बजावलंय," डॉक्टर जमिनीकडे बघत म्हणाले. "दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही म्हणाली."

"टायरच्या बाबतीत," थापाड्या म्हणाला.

"हो. टायरच्या बाबतीत."

थापाड्या आत गेला. एक टायर गडगडत आणला, रबरात नख रुतवून पाहिलं आणि परत नेला. "बरेच दिवस पडून आहे. कडक झालाय." दुसरा आणला. त्याच्या खाचांत बोट फिरवलं, तोही परत नेला. आपल्याच मालाला एवढी नावं ठेवणारा दुकानदार डॉक्टरांनी कधी पाहिला नव्हता. शेवटी चार टायर निवडले. दिसायला साधे. ठोकळे दाट, आणि प्रत्येकावर ब्लेडनं ओढल्यासारख्या बारीक चिरा.

"खाचा पाणी बाहेर फेकतात. या चिरा डांबराला धरून राहतात. कच्च्यावर थोडे कुरकुरतील, पण चढतील." मग पाना फिरवता फिरवता, वर न बघता, "पावसात ब्रेक वळणाच्या आधी. वळणावर नाही."

"बरं."

"हवा दर महिन्याला बघायची."

"बघेन."

"मागे बसली की पट्टा लावत नाही ती. लावला म्हणते."

डॉक्टरांचा आवाज खाली आला. "लक्ष ठेवीन."

"काका, तुम्हाला माहितीये का?" भिंगरी ढिगावरून ओरडली. "बाबाच्या टायरनं ब्रेक मारला ना, की रस्त्याला चुण्या पडतात! मग दुसऱ्या दिवशी बाबा जाऊन रस्त्याला इस्त्री करून येतो. हो की नाही, बाबा?"

"नाही गं," थापाड्या म्हणाला. "असं काही होत नसतं. पावसात कुठलाही टायर घसरतो."

भिंगरीनं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू बाबाचे कपडे घालून कुणी भलताच माणूस उभा आहे.

टायर बदलले की समोरच्या गल्लीत पाइपनं पाणी मारायचं आणि ब्रेक मारून दाखवायचा, ही थापाड्याची पद्धत. तिथे थापेला जागा नव्हती. त्यानं गल्ली भिजवली, नळ बंद केला आणि विचारलं, "हिला बसवू का बरोबर?"

"विचारता काय? बसू दे की."

त्यानं भिंगरीला मागे बसवून पट्टा स्वतः लावला, ओढून पाहिला. मग जीप सुसाट नेली आणि ब्रेक दाबला. जीप जागच्या जागी खिळली. ना घसरली, ना शेपूट हलवली.

"पडल्या चुण्या!" भिंगरी खिदळली.

"उत्तम," डॉक्टर म्हणाले.

"एका फेरीत कळत नाही. नव्या टायरवर तुकतुकी असते, ती घासून जावी लागते," थापाड्या म्हणाला आणि जीप मागे घेतली. पुन्हा सुसाट, पुन्हा ब्रेक. पुन्हा. दर खेपेला जीप तशीच, गुणी पोरासारखी थांबत होती. भिंगरी हसून हसून दमली. गल्लीतलं पाणी चाकांनी उडवून उडवून संपलं आणि खालचं डांबर करडं दिसू लागलं.

थापाड्यानं इंजिन बंद केलं. "झालं. न्या आता," असं तो म्हणाला खरा, पण त्याचे हात स्टिअरिंगवरून निघेनात.

डॉक्टरांनी घड्याळात पाहिलं. घाट उजेडी उतरायचा होता. ते जीपपाशी आले, किल्लीसाठी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"माझी काही खात्री पटली नाही अजून," ते म्हणाले. "आणखी एकदा दाखवा."

आणि त्यांनी जाऊन नळ सोडला, पाइप उचलला आणि बूट भिजताहेत याची पर्वा न करता, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत गल्ली भिजवायला लागले.