दंडावरचं बटन

"काल दुपारपासून एकशे बारा वेळा." पुण्याहून आलेल्या दिपक इंजिनिअरनं कागद मोतीबाईच्या खाटेवर टाकला. "मावशी, हे खेळणं नाही."

मोतीबाईनं दंडाकडं पाहिलं. पोटाच्या ऑपरेशननंतर ह्याच माणसानं तिथं बटनाची पट्टी चिकटवली होती. दुखलं की दोनदा दाबायचं, दिवा लागतो, कातडीतून औषध आत जातं; कितीही दाबलं तरी ठरल्यापेक्षा जास्त जात नाही. ना सुई, ना कुणाच्या विनवण्या. उभ्या जन्मात तिच्या दुखण्याचं काही कुणी तिच्या हाती दिलं नव्हतं.

"मी चारदा दाबलं," ती म्हणाली.

"मशीन खोटं बोलत नाही."

"मंग मी बोलते व्हय?"

दिपक नर्सकडं वळला. "सिस्टर, पट्टी काढा. यांना मोह आवरत नाही. डॉक्टरांशी बोललोय मी, सुईच द्या, तीही सहा तासांनी."

सहा तास ऐकूनच टाक्यांत कळ आली. करुणा सिस्टरनं हात पुढं केला, तोच मोतीबाई दातओठ आवळत कुशीवर वळली. तांड्यावरची लग्न झालेली बाई दंडभर पांढऱ्या बलिया घालते. ती चाळीस वर्षं घालत होती. त्या खळखळत वर सरकल्या अन् बटनावर आपटल्या. टक, टक. दिवा लागला.

"हात दिसून राहिले न्हवं माझे? मी दाबलं?"

दिपकचं तोंड उतरलं. "मग ह्या बांगड्या काढा."

घ्या. म्हणजे चूक बाईच्या दंडाचीच.

"ऑपरेशनला डॉक्टरांनी काढल्या न्हाईत, वरून कपडा गुंडाळला. धनी जिता हाय माझा. बलिया निघायच्या न्हाईत. बटन हलवा."

"आम्ही दंडच ठरवलाय."

"ठरवताना तांड्यावरची एक तरी बाई इचारली व्हती?"

"डॉक्टर म्हणाले होते, छातीवरही चालते," करुणा सिस्टर म्हणाली. तिनं दंडावरची पट्टी सोडवली अन् नवी मोतीबाईच्या गळ्याच्या हाडाखाली चिकटवली.

अर्ध्या तासानं कळ आली. दिपक अजून स्टुलावरच होता. त्याच कागदाच्या पाठीवर नवं बटन काढत होता, बलिया आपटू नयेत म्हणून खोलगट. मोतीबाईनं त्याच्या डोळ्यांत डोळे घालून बटन दाबलं. एकदा. दुसऱ्यांदा. दिवा लागला.

"लिवा," ती म्हणाली. "पाच."