चार नंबरचं पिंप

"खातं तुमचं दारूबंदीचं, आन सकाळी अकराले पेला घेऊन बसले तुमीच! वा गा साहेब!"

बायजाबाई हे हळू बोलली नव्हती. तळघरातल्या तिघांनीही तिच्याकडं पाहिलं. मग मार्तंडशेठ मोठ्यानं हसला. हसणं भागच होतं. कारखान्याचा यंदाचा परवाना साहेबाच्या बॅगेत होता आणि त्यावर अजून सही व्हायची होती.

"मनावर नका घेऊ, साहेब. तोंडाची फाटकी आहे, पण कान सोन्याचा. पिंपाले कान लावून सांगते, आत काय चालू आहे ते."

शेठनं दुसरा पेला भरला. काटोल रोडवरचा हा संत्र्याच्या वाइनचा कारखाना त्याच्या आजोबानं काढलेला. "याच पिंपातली आमच्या आजोबानं गोऱ्या साहेबाले पाजली होती. तीन पिढ्या झाल्या, पण चव हलली नाही." बायजाबाईच्याही घरच्या इथं तीन पिढ्या झाल्या होत्या. त्या कोणी सांगत नसे.

साहेबानं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हे सरबत आहे, शेठ. यात दम नाही."

शेठचा चेहरा उतरला. तेवढ्यात त्याचा मुलगा श्रीधर पुढं झाला. "चार नंबरचं घ्या, साहेब. त्याच्यात दम आहे."

"अरे, ते कच्चं आहे," शेठ म्हणाला. "अजून आठ दिवस आहेत त्याले."

"झालं ते, बाबा."

श्रीधरनं चार नंबरच्या पिंपाची तोटी सोडली, पेला भरला आणि साहेबापुढं धरला. साहेबानं तो घेतला नाही. गेल्याच महिन्यात कुठल्याशा गावात विषारी दारूनं माणसं मेल्याचं त्यानं पेपरात वाचलं होतं.

"जिनं केली, तिनं आधी प्यायची."

"मी पेत नाही," बायजाबाई म्हणाली. "छप्पनच्या दसऱ्याले बौद्ध झालो, तवा प्रतिज्ञा घेतली. अठरा वर्षं झाली. जिभेले थेंब नाही लागला."

"बनवतेस मात्र."

"पोटासाठी बनवतो, साहेब. दुसरं काम द्या, आत्ता सोडतो."

प्रतिज्ञा म्हणजे काय, हे साहेबाला माहीत नव्हतं असं नाही. त्याला ते ऐकायचं नव्हतं. त्यानं बॅग बंद केली. "बनवणारीच प्यायला भिते. मग मी सही कशावर करू?"

शेठ घाईघाईनं तिच्याजवळ आला. आवाज खाली, पण दात आवळलेले. "एक घोट घे वं बायजा. कोन पाह्यते इथं? तुहा बाप तर चाखूनच सांगे."

"माह्या बापानं प्रतिज्ञा नव्हती घेतली."

"घोटानं काय मरतेस का?"

बायजाबाई वळली आणि सवयीनं चार नंबरच्या पिंपाला कान लावला.

"त्याचं काय ऐकून राहिली?" श्रीधर एकदम खेकसला. "पेला घे!"

पिंप मुकं होतं. काल संध्याकाळी तिनंच ऐकलं होतं, आत सरसर चालू होती, तव्यावर पाणी पडल्यासारखी. कच्चा रस असा एका दिवसात गप्प होत नाही. वरून काही जालीम ओतलं तरच त्याची वाचा जाते. तिनं श्रीधरच्या हातातला पेला नाकाजवळ नेला. संत्र्याच्या वासाखाली दुसरा वास होता. सुताराकडे लाकडाला पॉलिश करतात, त्या स्पिरिटचा.

तिनं श्रीधरकडं पाहिलं. तो स्वतःच्या बुटांकडं बघत होता.

बोललं तर परवाना गेला. कारखाना गेला आणि तिचं कामही गेलं. न बोलता प्यायली तर प्रतिज्ञा गेली, आणि कोण जाणे, अशा स्पिरिटनं डोळेही जायचे. तिनं पेला टेबलावर ठेवून दिला.

"पाहिलंत, शेठ?" साहेब उठला. "मी निघतो."

शेठच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. "बसा, साहेब. आमच्या घराण्याच्या मालावर कोनी संशय घेतला नाही आजवर. हिच्यावाचून काही अडलं नाही. मी पेतो तुमच्यासमोर, पुरा पेतो." त्यानं पेला उचलला.

श्रीधरनं हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला.

शेठनं पेला ओठाला लावला, त्याच क्षणी बायजाबाईनं मधे हात घातला आणि पेल्याच्या तोंडावर आपला पंजा दाबून धरला. वाइन तिच्या बोटांतून शेठच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडली. मालकाच्या ओठाला लागलेल्या पेल्याला तिच्या घरातल्या कोणाचा हात आजवर कधी लागू दिलेला नव्हता. शेठ त्या हाताकडं बघतच राहिला.

"हात काढ," तो म्हणाला.

तिनं काढला नाही. ती बोलली, पण शेठशी नाही, आणि साहेबाशी तर नाहीच.

"श्रीधर, तुहा बाप पेऊन राहिला ना गा! याच्यात काय वतलं, सांग!"