तांत्रिक मदतीचं फलित

विधिमंडळाच्या समितीपुढे आज सल्लागाराची झाडाझडती होती. छोट्या गावांच्या जलशुद्धीकरण केंद्रांना तांत्रिक मदत करण्यासाठी सरकारने त्याला नेमलं होतं, आणि वर्षभरात एका गावात जाऊन भाषण ठोकण्यापलीकडे त्याने काडीचंही काम केलं नव्हतं. नेमकं त्याच गावचं केंद्र चालवणाऱ्या बाईला समितीने बोलावून घेतलं. तिला दारात पाहताच त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"काय काय मदत मिळाली तुम्हाला?" अध्यक्षांनी विचारलं.

"डोंबलाची मदत!" बाई कडाडली. "गाळणीतली वाळू बदलून द्या म्हणून यांच्या हातापाया पडले. यांनी आम्हाला पडद्यावर नद्यांची चित्रं दाखवली. माझ्या भाचीसकट अर्धी शाळा काविळीने अंथरुणाला खिळलीय. लाज कशी वाटत नाही तुम्हा लोकांना?"

सल्लागाराने मनातल्या मनात नोकरीवर पाणी सोडलं.

अध्यक्ष मात्र खूश होऊन टाळ्या वाजवू लागले. "याला म्हणतात सक्षमीकरण! एक साधी बाई आमच्यापुढे इतकं बेधडक बोलते! ही मदत सगळ्या गावांना मिळालीच पाहिजे." सदस्यांनी भराभर माना डोलावल्या.

बाहेर व्हरांड्यात सल्लागार अभिनंदन स्वीकारत उभा होता. बाईने त्याला गाठलं.

"साहेब, मग वाळूचं काय?"

"आता वाळू कशाला?" तो हसून म्हणाला. "इतकं छान बोलायला शिकवलंय की तुम्हाला!"