वाक्यात उपयोग

शिंपीकाम सोडून बाबा आमच्याकडे राहायला आले आणि त्यांनी इंग्रजी वाक्प्रचार शिकायचं खूळ डोक्यात घेतलं. मास्तरीणबाई कोण, तर माझी पाचवीतली लेक! "पंच्याहत्तरीत हौस बघा म्हाताऱ्याची," असं मी ऑफिसात कौतुकाने सांगत सुटलो.

काल चादर बदलताना त्यांच्या उशीखालून जुनी मापांची वही पडली. छाती, कंबर, उंची हे मथळे खोडून वर सुबक अक्षरात लिहिलं होतं: वाक्प्रचार, अर्थ, वाक्यात उपयोग.

पहिलाच होता 'डेड वेट'. अर्थ: फुकटचं ओझं. त्याखाली 'व्हाइट एलिफंट'. अर्थ: पोसायला महाग, कामाला शून्य.

मी पान खालपर्यंत वाचत गेलो. पानभर सगळे आमच्याच जेवणाच्या टेबलावरचे होते. बाबांना कळू नये म्हणून मी बायकोशी बोलताना मुद्दाम इंग्रजीत वापरलेले.

तिसऱ्या रकान्यात बाबांनी लिहिलं होतं, 'मी या घरातला व्हाइट एलिफंट आहे.'



शेजारी लाल शाईत माझ्या लेकीचा शेरा होता, 'अगदी बरोबर. शाब्बास, आजोबा!'