कुटुंब राहायला आलं
“तायडेसाहेब, इथं वहिनींची सही राहिली,” कारकून बाई म्हणाल्या. “बदलीच्या गावी कुटुंब राहायला आलं, असं दोघांनी लिहून दिलं तरच सामान हलवायचा खर्च मिळतो.”

तायड्यांनी व्हरांड्यात येऊन बायकोला फोन लावला. बदलीचा हुकूम निघताच त्यांनी अकोल्याचं घर तिला न विचारता आठ दिवसांत विकलं होतं. तेव्हापासून मंदा माहेरीच होती.

“अर्जावर तुझी सही लागते,” ते म्हणाले.

“पाठवा, करते. घर विकताना नाही झाली माझी आठवण!”

“अन् इकडे कधी येतेस?”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. “आली म्हणून लिहून टाका ना. सरकारला तेवढं पुरतं.”

फोन बंद झाला. तायडे थोड्या वेळानं आत आले.

“बाई, हा राहू द्या,” ते म्हणाले. “आधी रजेचा अर्ज द्या.”