दोनच बोटं

“दोनच?” विष्णुपंत सरांनी गौतमीच्या बाकावरची पुठ्ठ्याची बोटं उचलली. “बाकीचा हात काय उंदरांनी नेला?”

सहावी ब खदखदून हसली.

सरांनी मुंबईच्या एका प्रदर्शनात कृत्रिम हात पाहिला होता. तेव्हापासून त्यांना चैन पडत नव्हतं. माणसाचं शरीर डॉक्टरच काय, इंजिनियरही दुरुस्त करतो, हे अंबरनाथच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या पोरांना कळलंच पाहिजे. म्हणून आज गणिताला सुट्टी. पुठ्ठ्याचा हात कापायचा, बोटांवर कोल्ड्रिंकच्या नळ्यांचे तुकडे चिकटवायचे, त्यांतून दोरा ओवायचा. दोरा ओढला की बोट वाकतं. ज्याचा हात खडू उचलेल तो पास.

वर्गभर हात तयार झाले होते. गौतमीने मात्र तर्जनी आणि मधलं बोट एवढंच केलं होतं, खाली इलॅस्टिकचा पट्टा. बोटं झकास वाकत होती. त्यामुळेच सरांना जास्त राग आला. एवढी हुशार पोरगी आणि हा कामचुकारपणा.

“हे मोड आणि पूर्ण हात कर. घंटेच्या आत.”

गौतमीने बोटं त्यांच्या हातातून ओढून घेतली. सरांशी असं कुणी वागत नसे.

“नाय मोडणार, सर. घरी न्यायचीत.”

“अगं, पण हात कुठाय?”

“हात घरी हाय. पप्पांचा. कंपनीत प्रेस मशीनखाली ही दोनच गेली. माप दुसऱ्या हातावरून घेतलंय.”

वर्गातलं हसू थांबलं. सर हादरलेच. गौतमीचे वडील, भीमराव, दरवर्षी निकालाला यायचे ते उजवा हात खिशात घालून. माणूस भारी गुर्मीतला आहे, असं सर घरी बायकोला सांगायचे. त्यांना स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरची द्रौपदी उभी राहिली. तिचा हात केव्हाच पूर्ण झाला होता, खडूही उचलून झाला होता.

“सर, असं चालतं काय? मग मी पण ह्यातला नुसता अंगठा कापून घेऊ? माझ्या आईला तेवढाच पाहिजे.”

सर ‘हो’ म्हणेपर्यंत कात्री मागायला आणखी सात हात वर झाले होते.