निखाऱ्यावरचं फुलपात्र

मालन बारवेच्या कठड्याशी उभी राहून चट्ट्यांच्या डाक्टरशी बोलत होती. घटका गेली तरी बोलणं काही संपेना.

कडूबाईनं डोक्यावरचा सरपणाचा भारा तसाच ठेवून बाभळीआडून सगळं पाहिलं. शब्द ऐकू आले नाहीत, पण सुनेनं दोनदा डोळ्याला पदर लावलेला तिनं टिपला. मग डाक्टर सायकलवर टांग टाकून शेवगावच्या रस्त्याला लागला आणि मालन हंडा भरून काही झालंच नाही अशा थाटात घराकडं वळली.

डाक्टर म्हणजे काही खरा डाक्टर नव्हे. योहान गिदोन त्याचं नाव. एकाहत्तर साली त्याची या भागात नेमणूक झाली, त्याला आता वर्ष होत आलं होतं. दर गुरुवारी यायचं, माणसांची अंगं तपासायची, महारोगाचा चट्टा सापडला की गोळ्या द्यायच्या, एवढंच त्याचं काम. मागं त्यानं मारुतीच्या पारावर गाव गोळा करून सांगितलं होतं, की या रोगात आधी कातडी बधिर होते, चटकासुद्धा कळत नाही; वेळेवर आलात तर हातपाय शाबूत राहतात. गावानं ऐकून घेतलं आणि घरी जाऊन दारं लावून घेतली. लाजेपायी वरच्या आळीतल्या भीमानं बोटं वाकडी होईस्तोवर कुणाला हात दाखवला नव्हता. आता तो ओढ्यापलीकडं खोपटात राहत होता, आणि त्याची बायको लांबूनच भाकरी ठेवून मागं फिरायची.

सून डाक्टरपुढं रडते म्हणजे तिलाच रोग, कडूबाईनं ताडलं. दहा दिवसांनी, रविवारी, देवळाली प्रवऱ्याची माणसं तिच्या बनूला बघायला येणार होती. घरात महारोगी आहे हे कानावर गेलं तर बनूला कोण करून घेणार? पोर जन्मभर घरात बसली असती.

झालं, तिनं सुनेवर डोळाच ठेवला. मालनच्या दंडावर पांढुरका डाग होता. डाक्टरचं नाव काढलं की ती मान खाली घालायची. आणि गेल्या महिन्यापासून तिला सासूचा भलताच पुळका आलेला! कडूबाई चुलीवरचं भांडं उतरवायला वाकली रे वाकली की ही धावलीच, "आत्याबाई, ऱ्हाऊ द्या, मी उतरवते." बाजारातून सासूसाठी टायरच्या चपला घेऊन आली. जिचा उभा जन्म अनवाणी गेला, तिला चपला!

"पाप लपवायची सोंगं, दुसरं काय!" कडूबाई मनाशी म्हणाली.

बुधवारी रंगनाथ जेवायला बसला तेव्हा तिनं विषय काढला. "तुझ्या बायकोला रोग हाय. रविवारच्या आत तिला माहेरी घाल."

लेकाचा घास हातातच राहिला. "आई, काय बी बोलू नगं."

"खोटं निघालं तर जोड्यानं मार मला. उद्या डाक्टरपुढंच दावते. पन एक कबूल कर. ज्याला हा रोग, त्याला ह्या घरात जागा न्हाई. म्हन."

"आई..."

"बनू तुझी भन हाय ना? मग म्हन!"

"जागा न्हाई," रंगनाथ पुटपुटला आणि ताटावरून उठला.

त्या रात्री कडूबाईला झोप लागली नाही. तिला वाईटही वाटत होतं. तीन वर्षांत पोरीनं उलटून एक शब्द दिला नव्हता. पण बनू पोटची होती.

गुरुवारी ती स्वतःच पारावर गेली. "डाक्टर, आज आमच्याकडं च्याला या."

योहानचा चेहरा खुलला. "येणारच हुतो मावशी. बरं झालं, तुमीच बोलावलंत."

येणारच होता? म्हणजे दोघांचं आधीच ठरलेलं! कडूबाई पदर खोचून घराकडं वळली.

योहान ओसरीवर घोंगडीवर टेकला. शेजारी रंगनाथ बसला, त्याचं तोंड उतरलेलं. मालन दाराच्या चौकटीला उभी होती. कडूबाईनं आत चहा केला, जर्मनच्या, पटकन तापणाऱ्या फुलपात्रात तळाशी दोन घोट ओतला आणि ते फुलपात्रच निखाऱ्यांवर ठेवलं. चहा कडांना चरचरायला लागेपर्यंत ती वाट बघत बसली. मग फुलपात्र उचलून, तळव्यावर घेऊन, माजघर ओलांडून ती ओसरीवर आली.

"मालन, धर गं. डाक्टरला दे."

मालननं हात पुढं केला.

"आई गं!"

फुलपात्र खणकन फरशीवर आदळलं. चहा घोंगडीवर सांडला.

कडूबाईच्या जिवात जीव आला. भाजलं! पोरीला भाजलं! म्हणजे रोग नाही, घरात काही नाही, रविवारचं सगळं सुखरूप! तिला हसू फुटलं आणि रडूही आलं. "माझी बाय ती! चुकलं गं माझं," म्हणत ती सुनेला जवळ घ्यायला पुढं झाली.

रंगनाथ जागचा उठला होता. त्यानं आत चुलीकडं पाहिलं, मग आईकडं.

मालननं आपली बोटं फुंकलीसुद्धा नाहीत. तिनं सासूचा उजवा हात मनगटाशी धरला आणि योहानपुढं उताणा केला. तळव्यावर लालभडक वळ उठला होता, फुलपात्राच्या बुडाएवढा गोल.

"बघा दादा," ती रडत म्हणाली, "मी ह्यांचंच सांगत हुते तुमाला."